तिरका गेटवे, कापलेले कोपरे

गेटवे ऑफ इंडियाच्या मधल्या कमानीच्या रेषेत, समुद्राकडे पाठ करून उभं राहावं आणि नाकासमोर पाहावं. एवढ्या भव्य दरवाज्यातून आत आलं की समोर रुंद, सरळ राजरस्ता असायला हवा. तो नाही. समोर बाग आहे, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि शहरातून येणारा रस्ता एका बाजूने तिरका येऊन या मोकळ्या जागेला भिडतो. दरवाजा एका दिशेला तोंड करून उभा आहे आणि शहर दुसऱ्या.

कारण साधं आहे. जॉर्ज विटेटच्या आराखड्यात गेटवेपासून शहराकडे जाणारा एक प्रशस्त रस्ता होता. दरवाज्यावरच सुमारे २१ लाख रुपये खर्च झाले आणि रस्त्यासाठी पैसे उरले नाहीत. १९२४ च्या डिसेंबरात दरवाजा खुला झाला, रस्ता कागदावरच राहिला. जो रस्ता कधी झालाच नाही त्याच्याशी गेटवे आजही काटकोन धरून उभा आहे.

आता शेजारच्या ताजमहाल हॉटेलकडे वळावं. या हॉटेलबद्दल मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते: इमारत चुकून उलटी बांधली गेली, पाठ समुद्राकडे आली आणि वास्तुरचनाकाराने जीव दिला. गोष्ट खोटी आहे. हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० साली वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने पूर्ण केलं. १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं तेव्हा गेटवे नव्हता. पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेश तिकडे ठेवला आणि दोन पंखांच्या मधलं अंगण शहराकडे उघडं ठेवलं. समुद्राचा देखावा खोल्यांना मिळाला. पुढे प्रवेश समुद्राच्या बाजूला आला आणि जुन्या प्रवेशाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. इमारत जिथे होती तिथेच होती, लोकांची येण्याची वाट तेवढी बदलली.

मुंबईतल्या विचित्र वास्तू पाहायला निघणाऱ्याने ही दोन उदाहरणं पहिल्या तासातच पाहून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. या शहरात जे वाकडं, तिरकं, अर्धवट किंवा विनाकारण सजवलेलं दिसतं, त्यामागे बहुतेक वेळा पाऊस, समुद्र, कायदा, जमिनीचा तुकडा किंवा संपलेला पैसा यांपैकी काहीतरी असतं. खरं कारण विस्मरणात गेलं की तिथे दंतकथा उगवते. दंतकथा ऐकायला छान असतात, पण कारण कळलं की भिंत वाचता येते, आणि एकदा वाचता आली की पुढच्या दहा इमारतींवरही तेच अक्षर दिसू लागतं.

त्यासाठी चालण्याचा वेग कमी ठेवावा लागतो. एका दिवसात एकच भाग घ्यावा, दोन ते तीन किलोमीटरचा, आणि थांबे पाच-सहाच ठरवावेत. यादी लांब केली की लोक इमारतीच्या नावाचा फोटो काढून पुढे पळतात. फोर्टसाठी रविवारची सकाळ उत्तम. साडेसातला सुरुवात केली तर दहापर्यंत रस्ते जवळजवळ आपलेच असतात आणि दुकानांच्या पाट्यांवरचं लक्ष उडून वरच्या मजल्यांवर जातं. तळमजला पन्नास वेळा बदललेला असतो, मूळ इमारत पहिल्या मजल्यापासून वर शिल्लक असते. इमारतीला चिकटून उभं राहिलं तर बाहेर आलेली कंगणी वरचं सगळं झाकून टाकते, म्हणून इमारतीच्या उंचीइतकं तरी अंतर मागे सरकावं, शक्य असेल तर दुप्पट. आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पिशवीत असू द्यावी. कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, कारण फोन वर केला की भिंती आत झुकलेल्या दिसतात आणि दूरचं कोरीवकाम पुसट येतं.

उजेडाचा हिशेब आधीच करून निघावं. ओव्हल मैदानावर हे सगळ्यात चांगलं कळतं. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही १८७० च्या दशकातली, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतली रांग आहे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. मध्ये फक्त गवत आणि क्रिकेट. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या डेको इमारतींच्या तोंडावर पडतं, संध्याकाळचं गॉथिक इमारतींवर. सकाळी अकराला राजाबाई टॉवरसमोर उभं राहणाऱ्याला आभाळाच्या पांढऱ्या उजेडात एक काळी आकृती दिसते आणि तो निराश होऊन निघून जातो. तोच टॉवर हिवाळ्यात साडेचार वाजता पाहावा.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच. पैसा शेअर आणि कापूस बाजारातले धनाढ्य प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं, आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही, नकाशे बोटीने आले. मात्र मनोऱ्यावर वर, खालून सहज न दिसणाऱ्या जागी, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत, त्यांच्या पागोट्यांसह आणि वेशांसह. दुर्बिणीशिवाय ते नुसते दगडाचे गोळे वाटतात. इतक्या उंचीवर इतकं बारीक काम कोणासाठी केलं, हा प्रश्न मैदानावर बसून निवांत विचार करण्यासारखा आहे. शेजारी उच्च न्यायालय, कर्नल जे. ए. फुलरचं, १८७८ साली पुरं झालेलं. आत एका खांबावर हातात तराजू घेतलेलं आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड कोरलेलं आहे. पैसे बुडालेल्या ठेकेदाराने न्यायदेवतेवर उगवलेला हा सूड, अशी दंतकथा आहे. दगड कोरणाऱ्यांना बारीकसारीक आकृत्यांत मोकळीक होती, एवढं या काळातल्या सगळ्याच इमारतींवरून दिसतं. सशाएवढे, खारीएवढे प्राणी खांबांच्या पानापानांत लपलेले असतात. न्यायालयात सहज शिरता येत नाही आणि आवारात फोटोला बंदी असते, म्हणून आधी ठरवलेल्या वारसा फेरीतूनच जावं.

मैदानाच्या दक्षिण टोकापासून काळा घोडा चौक चालत पाच-सात मिनिटांवर. तिथली सगळ्यात महत्त्वाची वास्तू दिसायला सगळ्यात दीनवाणी आहे: एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकातली ही इमारत दगडाची नाही, विटांच्या भिंतींवरही उभी नाही. तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा आहे. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश इंजिनिअरचा. खांब, तुळया, कठडे असे सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, बोटीने आले आणि इथे जोडले गेले. विटा फक्त पोकळी भरायला. खांबांची रांग बाहेरूनच दिसते, हाडं अंगाबाहेर असावीत तशी. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिए बंधूंचे हलते चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच.

ही इमारत का ढासळते आहे हे नीट समजून घ्यावं, कारण त्यात बिडाचा स्वभाव आहे. बीड दाब उत्तम सोसतं, म्हणून खांब दीडशे वर्षं उभे आहेत. ताण मात्र त्याला सोसत नाही. वाकून सूचना देणं त्याला माहीत नाही, ते एकदम तुटतं. बाहेर आलेल्या सज्जांवर नेमका ताणच येतो. त्यात जोडांत पाणी शिरून गंज धरतो, लाकडी जमिनी गळतीने कुजतात, पोटभाडेकरूंच्या भिंती मूळ हिशेबात नसलेलं वजन वाढवतात. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला आणि २०१९ साली इमारत रिकामी केली गेली. समोरच्या पदपथावरून पाहावं, खालून मुळीच चालू नये.

त्याच चौकातला काळा घोडा कुठे आहे? सातव्या एडवर्डचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पन्नास वर्षं घोड्याशिवाय घोड्याचं नाव चाललं. २०१७ साली चौकात पुन्हा घोडा आला, या वेळी स्वाराविना. एका बाजूला निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. जवळच्या वस्तुसंग्रहालयात शिरलात तर मधल्या दालनात नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे लाकडी खांब आणि कमानी विकत आणून बसवल्या आहेत, विटेटच्या घुमटाखाली. घुमट पाहून परत फिरणाऱ्यांना ते लाकूड बहुधा दिसतच नाही.

रीगल चित्रपटगृह इथून जवळ आहे आणि एका गोष्टीसाठी तिथे थांबावं. १८८८ साली पूर्ण झालेलं बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं. १९३३ सालचं रीगल त्याचा मुलगा चार्ल्स स्टीव्हन्सचं. बापाने दगडाचा एक वीतभर तुकडा कोरल्याशिवाय सोडला नाही. मुलाने वातानुकूलन, लिफ्ट आणि तळघरात मोटारी उभ्या करायची सोय दिली, आणि भिंतीवर सरळ रेषा ओढल्या. एका घरातल्या दोन पिढ्यांत शहराची चव केवढी बदलली, याचा याहून स्पष्ट दाखला मुंबईत मला माहीत नाही.

या बदलामागे सिमेंट आहे. सळईच्या काँक्रीटने दोन गोष्टी शक्य केल्या: खांबाशिवाय बाहेर झेपावणारा पातळ छज्जा आणि गोल कोपरा. ओव्हलच्या पश्चिमेकडच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर खिडकीच्या डोक्यावरून एक पट्टी निघते आणि कोपरा वळून पुढच्या खिडकीपर्यंत जाते. ती शोभा आहेच, पण पावसाचा तिरपा मारा आणि दुपारचं ऊन अडवण्याचं मुख्य काम तिचं. वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होणारा माथा, जहाजाच्या डेकवर असतात तसे आडवे नळीचे कठडे, गोल खिडक्या, थिजलेलं कारंजं किंवा उगवता सूर्य दाखवणारी जाळी ही त्या काळाची हौस. बोटीने प्रवास करणं, मोटार चालवणं, वेग हीच तेव्हाची आधुनिकता होती. इमारतीचं नाव ज्या अक्षरांत लिहिलंय ती अक्षरं आवर्जून पाहावीत. प्रत्येक इमारतीची ढब वेगळी, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी तीच जातात.

गजानन म्हात्रे हे नाव लक्षात ठेवावं. ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची, १९३७ सालची सूना महल या त्यांच्या इमारती. सूना महल दोन रस्त्यांच्या नाक्यावर आहे. वास्तुरचनाकारासाठी नाका ही अडचण असते, कारण तिथे खोलीचा कोपरा वाया जातो. म्हात्र्यांनी तिथे वळण घेतलं आणि वर मनोरा चढवला, त्यामुळे दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला इमारतीचं तोंडच दिसतं. चर्चगेटसमोरच्या इरॉस चित्रपटगृहाने हाच प्रश्न दोन पंख पसरून आणि मध्ये गोल मनोरा उभा करून सोडवला, १९३८ साली, लाल आग्रा दगड आणि फिकट रंगाच्या जोडीने. फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत, मास्टर, साठे आणि भुता यांची १९३६ ची, डेकोतली माझी सर्वांत आवडती. तिच्या दर्शनी भागावर उभ्या पट्ट्या तळापासून माथ्यापर्यंत जातात आणि खिडक्यांवर सावली धरतात. ना. ग. पानसऱ्यांनी घडवलेले शेतकरी आणि कामकरी तिथे राजांच्या तोऱ्यात उभे आहेत. विम्याच्या कंपनीच्या दारावर शेतकरी इतका मोठा असणं हे त्या दशकाचं चित्र आहे.

या इमारतींचं दुखणं वॉटसनपेक्षा वेगळं. खारी हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट पोपडा होऊन सुटतं. पातळ छज्जे आधी जातात, कारण त्यांत सळईवरचं आवरण जेमतेम असतं. दुरुस्ती करताना लोक छज्जा कापून टाकतात, बाल्कनी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करतात, एसीचे डबे कठड्यावर टांगतात. मग पाऊस भिंतीवर येतो आणि ओल खोलीत. एकाच रांगेत मूळ छज्जा राखलेली आणि कापलेली अशा दोन इमारती शोधाव्यात आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या भिंतींचे डाग ताडून पाहावेत. जिने, लिफ्ट, टेराझोची फरशी पाहायची असेल तर वॉचमनला विचारून दारातूनच बघावं. ही लोकांची घरं आहेत.

आतापर्यंतचं सगळं कोरड्या हवेत पाहायचं. एक दिवस मात्र जुलैसाठी राखून ठेवावा आणि तो बोरीबंदरपासून फ्लोरा फाउंटनपर्यंतच्या दादाभाई नौरोजी रस्त्याला द्यावा. १८९६ च्या सरकारी नियमाने या रस्त्यावर बांधणाऱ्या प्रत्येक मालकाला तळमजल्यावर कमानींचा मार्ग सोडणं सक्तीचं झालं. वर काय बांधायचं ते त्याने ठरवावं, खाली चालणाऱ्याला छप्पर द्यावं. म्हणून या रस्त्यावर गॉथिक, भारतीय धाटणीच्या आणि इतर शैलींच्या इमारती खांद्याला खांदा लावून आहेत आणि खालून एकच लांब ओसरी वाहते. ओसरीतून जाताना वर आणि खाली दोन्हीकडे लक्ष असू द्यावं. पायाखालची फरशी आणि डोक्यावरच्या छताची उंची एकदम बदलते, तिथे मालक बदलला. कमान गोल होती ती टोकदार झाली, तिथे वास्तुरचनाकार बदलला. कामाच्या दिवशी इथे पथारीवाल्यांची दाटी असते आणि खांब दिसत नाहीत. पावसाळी रविवार निवडावा.

पावसातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतीवरून बाहेर डोकावणाऱ्या दगडी प्राण्यांचा अर्थ लागतो. छपराचं पाणी भिंतीवर न पडता लांब फेकलं जावं म्हणून अशी मुखं बसवली जातात. देवळातल्या गोमुखाला हे काम नवीन नाही. लांब फेकायचं कारण दगडात आहे. फोर्टच्या जुन्या इमारतींत तीन दगड ओळखायला शिकावं: कुर्ल्याचा टणक दगड जाड भिंतींना, मालाडचा पिवळसर दगड दर्शनी भागाला आणि पोरबंदरचा फिकट चुनखडीचा दगड कोरीवकामाला. शेवटचा मऊ, म्हणून छिन्नीला वश होतो आणि म्हणूनच पाण्याला आणि धुराला लवकर बळी पडतो. नाक-डोळे झिजलेला पुतळा दिसला की तो बहुधा मऊ दगडाचा असतो.

या स्टेशनवरच्या बहुतेक पाना-फुला-प्राण्यांचं काम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचं. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे, सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावरची प्रगतीची मूर्ती मात्र टॉमस अर्पची. दर्शनी भागाच्या मध्यावर एक सजवलेला रिकामा कोनाडा दिसतो. त्यात राणी व्हिक्टोरिया होती, स्वातंत्र्यानंतर काढली, कोनाडा भरायचं कोणी मनावर घेतलं नाही. बांधकामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली होते तेच सीताराम खंडेराव, ज्यांनी पुढे ताजचा मूळ आराखडा केला. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिचा आकार विचित्र आहे कारण तिची जागा दोन रस्त्यांच्या कैचीतली त्रिकोणी आहे. सगळ्यात उंच मनोरा त्याने बरोबर कैचीच्या टोकावर ठेवला. शनिवार-रविवारी ती आतून दाखवणाऱ्या फेऱ्या असतात, नोंदणी आधी करावी लागते. बोरीबंदरच्या अंगालाच जॉन बेगचं जनरल पोस्ट ऑफिस, १९१३ चं, विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेलं. गोलघुमट बादशहाची कबर, इथे त्याच्याखाली तिकिटं आणि मनीऑर्डरी.

पोस्टाच्या मागे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराला जुन्या किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा शिल्लक आहे. फोर्ट या नावाला आधार असलेली भिंत एवढीच. बाकीचा तट १८६० च्या दशकात पाडला आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावरच वर सांगितलेलं निम्मं शहर उभं राहिलं. बाजारगेटजवळच्या माणेकजी शेठ अग्यारीच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे, पंखांचे बैल आहेत, प्राचीन इराणी राजवाड्यांतल्या बैलांवरून घडवलेले. पारशी नसलेल्यांनी पदपथावरूनच पाहायचे. चर्चगेट रस्त्यावरची १७२५ ची भिखा बेहराम विहीरही तशीच. पूर्वी समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी गोडं.

शहराचा शून्य मैल होता सेंट टॉमस कॅथीड्रल. तिथून मोजलेले मैल काळ्या दगडाच्या खुंटांवर रोमन आकड्यांत कोरून रस्त्यांच्या कडेला रोवले होते. पदपथ दर दुरुस्तीला इंच-दोन इंच वर चढत गेले आणि खुंट गळ्यापर्यंत, काही डोक्यापर्यंत गाडले गेले. गेल्या काही वर्षांत महापालिकेने ते खणून पुन्हा उभे केले. पाहण्याची वस्तू म्हणून ते क्षुल्लक आहेत, पण शहराची जमीन किती उंचावली ते दाखवणारं इतकं सरळ माप दुसरं नाही.

भायखळ्याला वेगळा दिवस द्यावा, बुधवार सोडून, कारण बुधवारी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असतं. मुंबईने रस्त्यावरून उचललेल्या वस्तू इथे येऊन राहतात: काळा घोडा इथे आहे, घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्तीही इथेच. तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला आणि नंतर तुकडे जोडून उभा केला, जवळून पाहिलं की सांधे दिसतात. उलट फ्लोरा फाउंटन याच बागेसाठी घडवलं होतं, ते १८६४ साली फोर्टात बसलं. बागेतून बाहेर पडून उड्डाणपुलांच्या कैचीत सापडलेला खडा पारसी पाहावा. उंच खांबावर शेठ करसेटजी माणेकजी, खाली चार जलपऱ्या, सगळं ओतीव लोखंडाचं.

गिरगावात खोताची वाडी आणि चाळी एकाच सकाळी होतात. वाडीतल्या लाकडी घरांचे जिने बाहेरून आहेत आणि गल्ली दोन माणसांच्या रुंदीची. कॅमेऱ्यांना रहिवासी कंटाळले आहेत, तेव्हा विचारून फोटो घ्यावा. चाळीत सागवानी सांगाडा आणि विटांची भरती असते. समाईक गॅलरी ही नुसती गप्पांची जागा नव्हे. तिच्यामुळे प्रत्येक खोलीला दारातून आणि मागच्या खिडकीतून, दोन्हीकडून वारा मिळतो. गॅलरी पत्र्याने बंद केली की खोली कोंदटते. जिथे लाकडी टेकू लावलेले असतील तिथे वर चढू नये.

दादरच्या हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत काहीच विचित्र दिसत नाही, आणि तेच पाहायचं आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींत किती अंतर सोडायचं याचा त्याचा नियम कोनात होता: साडेत्रेसष्ट अंश. तळमजल्याच्या खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर ओढलेल्या रेषेला समोरच्या इमारतीने अडवायचं नाही. त्या कोनाचा हिशेब सोपा आहे, समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये साधारण २० फूट मोकळे हवेत. म्हणजे उंचीच्या निम्मं अंतर. कुठल्याही गल्लीत उभं राहून डोळ्यांनी हे मोजता येतं. नंतर पुनर्विकासात उठलेल्या टॉवरांच्या पायथ्याशी जाऊन हेच मोजावं. तळमजल्यावर दुपारी बाराला दिवे का लागतात ते कळतं. जवळच पोर्तुगीज चर्च, चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात नव्याने बांधलेलं: काँक्रीटचे शंकूसारखे उंच कवच, गरम हवा वर निघून जावी म्हणून.

कोरियांचाच कंबाला हिलवरचा कांचनजंगा टॉवर शेवटी पाहावा, १९८३ चा, ३२ घरांचा. पांढऱ्या चौकोनी इमारतीचे कोपरे दोन मजले उंच कापलेले आहेत आणि आत रंगवलेल्या भिंती दिसतात. मुंबईत वाऱ्यासाठी पश्चिमेकडे तोंड करावं लागतं, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा तिकडूनच येतो. जुने बंगले चारी बाजूंनी व्हरांडा फिरवून हा पेच सोडवत. कोरियांनी तो व्हरांडा उचलून उंच इमारतीच्या कोपऱ्यात ठेवला. गच्च्या सहा मीटरहून अधिक बाहेर झेपावू शकतात, कारण वारा आणि भूकंपाचा जोर मधल्या काँक्रीटच्या गाभ्याने पेलला आहे. आत प्रवेश नाही. पेडर रोडच्या चढावरून तीन ते पाचच्या दरम्यान पाहावा. ऊन तिरपं झालेलं असतं, कापलेल्या कोपऱ्यांत सावली खोल शिरते आणि एकावर एक रचलेली घरं मोजता येतात. चार वाजले की आजूबाजूच्या काचेच्या इमारतींकडे नजर टाकावी आणि त्यांच्या पश्चिमेकडच्या किती खिडक्यांचे पडदे ओढलेले आहेत ते मोजावं.